नीलगडाची साखळी

१

शनिवारी सकाळी नीलगडाच्या बुरुजावर काळ्या घारीचं निशाण चढलं, तेव्हा मीनल साठ्ये जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये भेंडी निवडत होती. खिशातला फोन एकदा थरथरला आणि मग थरथरतच राहिला. तिनं पडद्यावर नजर टाकली, हातातली भेंडी परत ढिगात ठेवली आणि टोपली तिथेच सोडून ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली.

नीलगड हे 'रणसागर' नावाच्या ऑनलाइन युद्धखेळातलं एक बंदर. पण ते सिंगापुरातल्या तीसचाळीस मराठी माणसांनी ऑफिसं, मुलांच्या परीक्षा आणि घरची बोलणी सांभाळत, वर्षभर खपून उभं केलं होतं. त्यांच्या संघाचं नाव दर्यासारंग. पदं मुद्दाम जुनी घेतलेली. सगळ्यांचा प्रमुख तो सरदार, लढाई चालवणारा सरनौबत, आणि दुसऱ्या संघांशी बोलणी करून तह जुळवणारा तो वकील. मीनल दर्यासारंगांची वकील होती. वन-नॉर्थ भागातल्या एका संशोधन कंपनीत ती दिवसभर करार तपासायची. खेळातलं कामही साधारण तेच. फक्त इथे लोक जास्त सफाईनं खोटं बोलत, आणि ते पकडायला तिला जास्त मजा येई.

आजचा दिवस शेवटच्या चढाईचा होता. समुद्राच्या ऐन मध्यावरचं बेट जो संघ जिंकेल तो विजयी, आणि तिथे मोसम संपणार. पुढचा मोसम नव्हताच, कारण कंपनीनं त्यानंतर हा खेळ कायमचा बंद करायचं जाहीर केलं होतं. म्हणून दर्यासारंगांचं अख्खं आरमार सकाळीच मधल्या बेटाकडे निघालं होतं. त्याच्या पाठीमागे 'काळी घार' हा शत्रुसंघ धुक्यातून आला आणि नीलगडात शिरला.

लढाई अशी झालीच नाही. नीलगडाच्या तोंडाशी पाण्यात एक लोखंडी साखळी होती. ती वर ताणलेली असली, की एकही गलबत आत येऊ शकत नसे. घारी आल्या तेव्हा ती खाली होती. आणि ती खाली करता येई फक्त आतून, पहाऱ्याच्या चौकीवरून.

ग्रुपवर सरनौबत रुचिरचा निरोप आला होता. 'फितुरी झाली आहे. फितूर कोण, तेही मला माहीत आहे.'

२

रुचिर केतकर क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, एका कोपऱ्यात बसला होता. समोरचा नूडल्सचा वाडगा तसाच. चौतिशीचा इंजिनिअर, बोलण्यात रोखठोक, मनानं चांगला. पण एकदा मत बनलं की ते खिळ्यानं ठोकल्यासारखं.

"हिशेब सरळ आहे, ताई," तो म्हणाला. "चौकीची किल्ली चौघांकडे. काका, राधिका, मी आणि निहार. तुझ्याकडे नाही."

"वकिलाला देतच नाहीत. मी शत्रूकडे ऊठबस करते."

"बरोबर. आता नियम बघ. ज्याची गलबतं समुद्रात आहेत, त्याला चौकी चालवता येत नाही. मी आणि राधिका समुद्रात होतो. उरले काका आणि निहार."

काका म्हणजे निशिकांत चिटणीस, दर्यासारंगांचे सरदार. बँकेतून निवृत्त झालेले. संघातले सगळे त्यांना काकाच म्हणत.

"काकांनी तर काल स्वतःची सगळी गलबतं मला देऊन टाकली," रुचिर पुढे म्हणाला. "म्हणाले, चढाईत ताकद कमी पडायला नको. स्वतःकडे एक होडी ठेवली नाही त्यांनी. आणि ते नसते तर आज आरमारही गेलं असतं. धुकं एवढं, की घारींचं एक शीड कुणाला दिसलं नव्हतं. तेवढ्यात काका कॉलवर म्हणाले, मागे फिरा, नीलगडाला धोका आहे. एकेका माणसाला वास येतो बघ."

"आणि निहार?"

"आज पहाऱ्यावर तो होता. आधी कुणाकडून खेळायचा? घारींकडून. आणि नीलगड गेला तरी त्याच्या स्वतःच्या छोट्या बंदराला धक्का लागलेला नाही. आणखी काय हवं?"

घारींशी भांडून आलेल्या निहारला संघात घ्यायला बऱ्याच जणांचा विरोध होता. तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकला होता तो मीनलनंच.

"मी त्याला खोली सोडायला सांगितलंय," रुचिर म्हणाला. निहार त्याच्याच फ्लॅटमध्ये भाड्यानं राहत होता. "आणि आमच्या कंपनीत त्याचं नाव मी सुचवलं होतं, ते सोमवारी मागे घेणार. जो मित्रांना विकतो, त्याची हमी मी माझ्या साहेबाला कशी देऊ?"

हे मात्र खेळातलं राहिलं नव्हतं. निहारचं विद्यापीठातलं काम संपत आलं होतं. ती नोकरी मिळाली तरच सिंगापुरात राहायचा नवा पास, नाहीतर बॅग भरून पुण्याची वाट.

"सोमवार सकाळपर्यंत थांब," मीनल म्हणाली.

"कशासाठी?"

"शब्द माझा होता. तो खोटा ठरला तर निहारला जा म्हणून मीच सांगेन. पण खोटा ठरलाय असं मला अजून दिसत नाही."

तिच्या आवाजात विनवणी अजिबात नव्हती. रुचिरनं पहिल्यांदाच वाडगा जवळ ओढला आणि नाइलाजानं मान हलवली.

३

निहार रुचिरच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर बसला होता. वर घरात रुचिरचं सामान आणि रुचिरचा राग, दोन्ही होतं. सत्तावीस वर्षांचा सडपातळ मुलगा, नजर खाली. मीनलनं त्याच्यापुढे बार्लीच्या थंड पाण्याचा ग्लास ठेवला आणि एक स्वतः घेतला.

"घडलं तसं सांग. स्वतःची बाजू मांडू नकोस, फक्त घडलेलं सांग."

"मी चौकीवर होतो, ताई. एकदम साखळी उतरायला लागली. चौकीवर कोणकोण आहे ते दिसत नाही, आपलं माणूस असलं तरी. मी लगेच ती वर घ्यायला लागलो, पण ती उतरते भराभर आणि चढते सावकाश. तेवढ्यात धुक्यातून घारींची शिडं दिसली. मी कॉलवर ओरडलो. रुचिरदा म्हणाला, आम्ही परतच येतोय. मला बरं वाटलं. मग आरमार पोचायच्या आत निशाण बदललं."

"आणखी काही? विचित्र वाटलेलं, लहानसं काहीही."

निहारनं थोडा विचार केला. "मी घारींबरोबर बरेच दिवस होतो. बंदर घेतलं, की ते पहिल्यांदा गोदी जाळतात. म्हणजे समोरच्याला नवी जहाजं बांधताच येत नाहीत. आज त्यांनी गोदीला हात लावला नाही."

मीनलचा ग्लास ओठांपाशी थांबला.

"फितूर असतास तर हे तू स्वतःहून दाखवलं नसतंस. तुझ्यावर विश्वास ठेवायला मला हे पुरेसं आहे," ती म्हणाली. "बाकीच्यांना पुरणार नाही. सामान बांधू नकोस."

बसस्टॉपवरूनच तिनं राधिकाला फोन लावला. राधिका कामत पेशानं अकाउंटंट. संघाची रसद तिच्या ताब्यात, आणि कुठल्या कोठारात काय आहे ते तिला झोपेतही सांगता यायचं.

"धान्य गेलं का?" मीनलनं विचारलं.

"तेच तर नवल आहे गं. एक पोतं नाही गेलं. जहाजं सगळी शाबूत."

"निहारचं बंदर वाचलं म्हणतात."

"त्याचं एकट्याचं कुठे? सगळ्याच नवख्यांची वाचली. ती शाळकरी पोरं आहेत ना आपल्यात, त्यांचीही. रुचिर रागात होता, त्याला एकच दिसलं. नीलगड गेला ही नामुष्की आहे, पण कंबर मोडलेली नाही. महिनाभरात पुन्हा उभे राहू. खेळ चालू राहील."

"आज संपणार होता तो."

"हो ना. माझ्या नवऱ्यानं तर सुटकेचा निःश्वास सोडून ठेवला होता."

बस आली आणि गेली. मीनल तिथेच उभी राहिली. शत्रू हातात आलेलं बंदर लुटत नाही, गोदी जाळत नाही, लहानांना सतावत नाही. हे नशीब नव्हतं आणि घारींचा चांगुलपणा तर नव्हताच. ही तहाची कलमं होती. कुणीतरी घारींच्या वकिलासमोर बसून ती एकेक करून मागून घेतली होती.

आणि घारींच्या वकिलाला मीनल चांगली ओळखत होती.

४

जोसेलिन टॅन जुरोंग ईस्टला एका दंतवैद्याच्या दवाखान्याचा कारभार बघायची. रविवारी सकाळी कोपीटियाममध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या हॉटेलात, ती आधीच येऊन बसली होती, पुढ्यात नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट. दोघी वर्षभर एकमेकींशी इंग्रजीत भांडत आल्या होत्या. एकमेकींचा मानही राखत होत्या.

"नाव विचारायला आली असशील तर कॅनॉट, लाह, जमायचं नाही," जोसेलिन म्हणाली. "वकील नावं सांगायला लागला, तर उद्या त्याच्याशी बोलेल कोण?"

"नाव नकोच आहे. कलमं मी सांगते, चुकलं तर थांबव. गोदी जाळायची नाही. कोठारांना हात लावायचा नाही. नवख्यांची बंदरं सोडायची. आरमाराचा पाठलाग करायचा नाही."

जोसेलिननं टोस्टचा तुकडा मोडला. तिनं थांबवलं नाही.

"मोबदल्यात नीलगड आणि मधल्या बेटावरची चढाई रद्द," मीनल म्हणाली. "आता एकच विचारते. ज्यानं हे दिलं, त्यानं स्वतःसाठी काय मागितलं?"

"हे सांगायला हरकत नाही." जोसेलिन थोडी गंभीर झाली. "काही नाही. मी इतके सौदे केले, पण बंदर देणारा आणि स्वतःसाठी काहीच न मागणारा पहिल्यांदा पाहिला. मी दोनदा विचारलं सुद्धा."

"आमच्याकडे सगळे निहारचं नाव घेताहेत. तो तुमच्याकडे परत येणार म्हणतात."

जोसेलिन हसली. "निहार? आमच्या सरदाराला तोंडावर मूर्ख म्हणून गेलेला पोरगा. त्यानं नीलगड ताटात वाढून आणला असता, तरी आमचा सरदार म्हणाला असता, सापळा आहे. आमची सगळी गलबतं आम्ही धुक्यात घातली, मीनल. एका शब्दावर. तो शब्द कुणाचा असायला हवा, याचा..."

ती मधेच थांबली. आपण जास्त बोललो, हे तिच्या लक्षात आलं होतं. मीनलच्याही.

"कोपी थंड होतेय तुझी," जोसेलिन म्हणाली.

"होऊ दे," मीनल उठत म्हणाली. "तू नाव सांगितलं नाहीस. मी कुणालाही तेच सांगेन."

५

निशिकांत चिटणिसांचा काँडो तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होता. दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात झारा होता आणि घरभर खोबरं भाजल्याचा वास.

"ये, ये. काल सगळ्यांचं जेवण हुकलं. म्हटलं, आज कुणी आलंच तर."

दर शनिवारी संघातली मंडळी त्यांच्याकडे जेवायला जमत. आठ माणसांचं टेबल होतं. त्यांची पत्नी सुरेखा तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी अवनी टोरांटोला. खेळात त्यांना पहिल्यांदा ओढलं ते अवनीनं. ती नंतर कंटाळून सोडून गेली आणि हे राहिले.

मीनल खुर्ची ओढून बसली. "काका, गॅस बंद करा आणि बसा."

त्यांनी गॅस बंद केला, पण बसले नाहीत.

"काल तुम्ही आरमार परत फिरवलंत. रुचिर तुमचं कौतुक करत होता, कारण तेव्हा घारींचं एक शीडही कुणाला दिसलं नव्हतं. पण बंदराबाहेरच्या धुक्यातलं फक्त चौकीवरच्याला दिसतं. चौकीवर निहार होता. त्यानं ओरडून सांगितलं, तेव्हा आरमार आधीच वळलं होतं. मग धोका आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

निशिकांतांनी झारा ओट्यावर ठेवला.

"गलबतं समुद्रात असली की चौकी चालवता येत नाही. शुक्रवारी तुम्ही आपली सगळी गलबतं रुचिरला दिलीत. त्याला ते औदार्य वाटलं. आणि घारींनी आपलं अख्खं आरमार ज्याच्या शब्दावर धुक्यात घातलं, तो सत्तावीस वर्षांचा भांडकुदळ पोरगा असू शकत नाही. तो शब्द सरदाराचाच असायला हवा."

"जोसेलिननं सांगितलं?"

"नाही. तुमच्या कलमांनी सांगितलं. लुटायला दिलेलं बंदर असं राहत नाही. या तर लाडकं माणूस दुसऱ्याच्या घरी ठेवताना घालतो तशा अटी आहेत. इथवर मला कळलं, पण कारण कळेना. मग राधिका बोलली त्याचा अर्थ आत्ता, हे टेबल बघून लागला. काल आपण जिंकलो असतो, तर खेळ संपला असता."

निशिकांत आता बसले. खाली तरणतलावावर मुलं ओरडत होती.

"रुचिर वर्षअखेर मेलबर्नला चाललाय," ते शेवटी म्हणाले. "राधिकाचा नवरा वाटच बघतोय. तुला तुझी कामं आहेत. रोज संध्याकाळी कॉलवर बारा माणसं मला विचारतात, काका, आता काय करायचं? ते बंद झाल्यावर मला कोण काय विचारणार आहे? मी म्हटलं, आणखी दोन महिने. जिंकायचं तर आहेच, पण जरा सावकाश. कुणाचं काही बुडू नये, एवढं बघितलं मी."

"निहारचं बुडालं."

"तो त्या वेळी पहाऱ्यावर असेल, हे..."

"पहारा कुणाचा हे सरदार ठरवतो, काका. पण तेही सोडा, तुमच्या मनात आलं नसेल. त्याची खोली गेली आणि नोकरी जातेय, हे कालपासून ग्रुपवर आहे. तुम्ही वाचलंत?"

"वाचलं."

"आणि गप्प बसलात."

त्यांनी मान खाली घातली. मीनलला त्यांची कीव आली, पण आवाज तिनं हलू दिला नाही. पंधरा वर्षं करार तपासताना ती एवढं शिकली होती, की आपल्याला आवडणाऱ्या माणसासमोर कलम ढिलं सोडलं, तर त्याची किंमत तिसराच माणूस भरतो.

"आज दुपारी सगळे इथे येतील," ती म्हणाली. "मी बोलावते. पण निहारला तासभर आधी. त्याला तुम्ही एकट्यानं, समोर बसून सांगायचं. मग बाकीच्यांना. मी तोंड उघडणार नाही. तुम्हीही कारण सांगत बसायचं नाही, त्यांनी विचारल्याशिवाय."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तुम्ही सांगाल," मीनल म्हणाली. "जोसेलिनसमोर बसून ज्यानं शाळकरी पोरांची बंदरं आधी मागून घेतली, तो माणूस सांगतो."

६

दुपारी निहार काकांबरोबर आत जाऊन बसला आणि बाहेर आला तेव्हा चेहरा दगडासारखा. कुणाशी न बोलता तो गॅलरीत उभा राहिला. मग निशिकांतांनी टेबलाशी उभं राहून बाकीच्यांना सांगितलं, चार वाक्यांत, काही न लपवता.

राधिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. रुचिर आधी हसला, मस्करी वाटून. मग उठून गॅलरीत गेला.

"माझं चुकलं," तो निहारला म्हणाला. "कंपनीत तुझं नाव तसंच आहे. ते राहील. खोलीही सोडू नकोस."

"नोकरी घेईन," निहार म्हणाला. "खोली सोडणार. तू मला एकदाही विचारलं नाहीस, रुचिरदा. एका घरात राहून."

आत निशिकांतांनी फोनवरून सरदारकी सोडली आणि फोन टेबलावर उलटा ठेवला. पुढे काय, हे कुणालाच सुचेना. तेव्हा निहार आत आला आणि मीनलला म्हणाला, "ताई, काळी घार आत्ता कुठे आहे?"

"नीलगडात. सगळी."

"साखळी?"

"वर. आपण परत घ्यायला येऊ म्हणून."

"मग ते अडकलेत. साखळी वर असताना आतलं गलबतही बाहेर पडत नाही. त्यांनी ती खाली केली, तरी तोंड एवढं अरुंद, की एका वेळी एकच निघणार. दहा गलबतं तिथे उभी करा. बाकीची घेऊन मधल्या बेटावर चला. तिथे आज कुणी नाही. आरमार मात्र मी चालवणार."

सरनौबत रुचिरनं आरमाराची सूत्रं त्याच्याकडे सोपवली.

मीनलनं जोसेलिनला रीतसर निरोप धाडला, की जुना तह सरदाराबरोबर होता, सरदार बदलला आणि तह इथे संपला. सांगितल्याशिवाय हल्ला करणं तिला मान्य नव्हतं. जोसेलिनचं एका शब्दाचं उत्तर आलं. 'ऑलरेडी?' घारींनी घाईघाईनं साखळी उतरवली, पण पहिली चार गलबतं तोंडाशीच अडकून एकमेकांवर चढली. निहार मोजकं आणि शांत बोलत होता. डावी फळी थांबवा, राधिकाताई, रसद मागे ठेवा. ऊन उतरायच्या सुमारास मधल्या बेटावर दर्यासारंगांचं निशाण चढलं. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली, मग एक आभाराची ओळ, आणि मग नुसता निळा रंग.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. राधिकानं सगळ्यांना वाढलं. सगळे जेवले, आणि एकेक करून निघाले. रुचिर निघताना निशिकांतांच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

शेवटी निहार आणि मीनल राहिले. निशिकांत ताटं उचलत होते.

"काका," निहार म्हणाला, "अवनीची खोली रिकामीच आहे ना?"

निशिकांतांच्या हातातली ताटं तशीच राहिली.

"तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ते मला इतक्यात जमणार नाही. मला महिनाअखेरीला जागा लागणार आहे. भाडं देईन."

मीनलनं पर्स उचलली. यातलं काहीही तिनं ठरवून दिलं नव्हतं, आणि तिच्याकडे त्यात घालण्यासारखं काही नव्हतंही.

निशिकांतांनी ताटं ओट्यावर ठेवली आणि हात पुसले. "त्या खोलीत सकाळी ऊन फार येतं," ते म्हणाले.

"चालेल," निहार म्हणाला.